पेत्रोवूनीचा टक्का

१

कीरा-पोलिक्सेनीला वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी पुरलं. पेटी खालच्या शहरातल्या रुग्णालयातून सीलबंद आली होती, त्यामुळे कपाळाचं शेवटचं चुंबन नाही की हातात फूल ठेवणं नाही. गावचे धर्मगुरू पापा-स्ताथिस मास्कच्या आतून प्रार्थना पुटपुटत होते. नाताळच्या तोंडापासून पेत्रोवूनी गावातला हा तिसरा मृत्यू. आधी तासोस गेला, मग लेनियो, आता ही.

असिमिना भिंतीशी, सगळ्यांपासून लांब उभी होती. जन्म याच गावचा, पण गेली कित्येक वर्षं ती शहरात साथरोग खात्यात तपासनीस होती. माणसं कशाने मेली हे विचारत हिंडायचं, हाच तिचा धंदा. असल्या धंद्याच्या माणसाला कुणी हसून ‘ये, बस’ म्हणत नाही. आज तर बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या आणि तिला त्यांचा राग येत नव्हता, कारण त्यांचा प्रश्न बिनतोड होता. आजूबाजूच्या डोंगरातली निम्मी माणसं अजून लसीच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती आणि पेत्रोवूनीत शंभरातल्या नव्वदांनी टोचून घेतलं होतं. म्हणून अथेन्सच्या पेपरात गावच्या डॉक्टर झिसिस यांचा फोटो आला होता, तो कॉफीच्या दुकानात चौकटीत टांगला होता. आणि मेले ते तिघेही टोचून घेतलेले. मग काय, डोंगरभर एकच बोंब उठली. लस घ्या आणि मरा. शेजारच्या गावांतली लसीची टेबलं ओस पडली. अथेन्समधल्या मोठ्या डोक्यांना वेगळीच धास्ती, की लसीलाच गिळणारा एखादा नवा अवतार या डोंगरात पैदा झाला की काय.

फोन थरथरला. तिचे साहेब होते.

“तिघांचे निकाल आले. नवा अवतार नाही, जुना डेल्टाच आहे.”

“मग लसीने काम का नाही केलं?”

“काम करायला आधी ती अंगात जायला हवी ना? दाखल होताना काढलेल्या रक्तात लसीची खूणच नाही, असिमिना. तिघांच्याही. त्यांना काय टोचलं देव जाणे, पण लस नव्हती.” साहेबांचा आवाज खाली आला. “आणि ओमिक्रॉन दारात आहे. अथेन्सहून, जर्मनीहून पोरं सणाला आली असतील. उद्या सगळं गाव एकमेकांच्या घरी जाणार. आणखी कुणाकुणाला ते भलतंच टोचलंय, ते आज शोध.”

उद्या. उद्या तिचे बाबा, कीर-लाम्ब्रोस, घरोघर जाणार होते. नव्या वर्षाच्या सकाळी उंबऱ्यातून पहिलं पाऊल आत कुणाचं पडतं यावर या गावात घराचं वर्ष ठरतं, आणि बाबांचं पाऊल सगळ्यांत लाभाचं असं मानून दोन पिढ्या झाल्या. त्यामुळे पहाटेपासून ते घरोघर जात, डाळिंब उंबऱ्यावर फोडत, उजवा पाय आत ठेवत आणि प्रत्येक घरी एक घोट घेऊन पुढच्या घराला लागत. बाबांनी सप्टेंबरात लस घेतली होती. त्या तिघांसारखीच, गावातल्या दवाखान्यात.

तिच्या मागे कुणीतरी खोकलं. कोरडा, खोल खोकला होता. तिने वळून पाहिलं. बाबाच होते.

२

“थंडी बाधलीय,” म्हणून बाबांनी तिला झटकून टाकलं आणि ते घरी गेले. असिमिना तडक दवाखान्यात गेली.

गारुफालिया नर्स फरशी पुसत होती. तीस वर्षं याच खोलीत. गावात तिच्या सुईला न रडलेलं मूल नव्हतं.

“मावशी, लस कोण टोचायचं?”

“डॉक्टर. पडद्यामागे. मी इकडे टेबलाशी बसून नावं घ्यायची, कार्ड द्यायची.”

“आणि कुप्या?”

“त्या फ्रिजमध्ये.” गारुफालियाने फडकं पिळलं. पिळतच राहिली. “किल्ली माझ्याकडे. का गं?”

“तिघांच्या रक्तात लस नव्हती.”

फडकं बादलीत पडलं. गारुफालिया खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं कधीतरी तू येऊन हेच विचारशील.”

“काय केलंत मावशी?”

“ऑगस्टात वणवे लागले तेव्हा रात्रभर वीज नव्हती. सकाळी येऊन बघते तर फ्रिजमध्ये पाणीच पाणी. नियमाने सगळ्या कुप्या फेकायला हव्या होत्या. पण डॉक्टर सारखे टक्का, टक्का करत होते. किती झाले, अजून किती राहिले. पेपरवाले येणार होते. मी पुसून घेतल्या आणि परत ठेवल्या. सप्टेंबरात त्याच वापरल्या.” ती हुंदके द्यायला लागली. “लेनियो माझी करवली होती गं लग्नात. मीच मारलं तिला. लिहून घे, मीच.”

इतकं सरळ कबूल केल्यावर कुणीही वही मिटली असती. असिमिनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिचं मन काही भरेना. तिला विचारायचं ते अजून विचारून झालंच नव्हतं. बिघडलेल्या कुप्या सगळ्यांसाठीच बिघडलेल्या असतात. मग सप्टेंबरात टोचलेली बाकीची माणसं?

“तासोसची बायको त्याच दिवशी आली होती का?”

“एर्मिओनी? दोघं हातात हात घालून आली होती. तरण्या जोडप्यासारखी.”

एर्मिओनी आज सकाळी दफनाला उभी होती. तासोसबरोबर एकाच अंथरुणात झोपणारी बाई.

३

एर्मिओनीने दार उघडलं नाही, खिडकी उघडली. आत चुलीवर नवऱ्याच्या श्राद्धाला वाटायचे गहू शिजत होते.

“आत नको येऊस. मी बरी झालेय, पण माझा माझ्यावरच भरवसा नाही राहिला.”

“तुम्हालाही कोरोना झाला होता?”

“झाला म्हणजे काय, दोन दिवस घसा दुखला. तो इथे तडफडतोय आणि मी उभी राहून सूप करतेय. लोकं म्हणतात नशीब. कसलं गं नशीब? बेचाळीस वर्षं एका उशीवर झोपलो. त्याला श्वास मिळेना आणि मला साधा तापही येईना. मला लाज वाटते जिवंत असल्याची.”

असिमिनाने विचारलं, “टोचल्यावर तुम्हाला त्रास झाला होता?”

“मला? बाई गं! दंड सुजून टम्म, दोन रात्री कूस बदलता येईना. आणि हा मेला टुणटुणीत. मला चिडवायचा. ‘तू डावा दिलास ना? भोग आता. मी नव्या कामाला उजवा पुढे केला, बघ, मुंगी चावल्याएवढंही नाही.’”

“मग तुम्ही का नाही उजवा दिलात?”

“अंजिराचा मुरंबा उडून भाजला होता ना हा हात. पट्टी होती इथपर्यंत.” तिने बाही सारून जुना डाग दाखवला. “डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, डावाच बरा. सगळ्यांना तेच सांगायचे ते.”

असिमिना खिडकीचा गज धरून उभी राहिली. एकच दिवस, एकच फ्रिज, एकच पडदा. बायकोचा दंड सुजला, नवऱ्याचा नाही. बायको जगली, नवरा नाही. बिचाऱ्या गारुफालियाचा फ्रिज यात कुठे बसत नव्हता. पडद्यामागे एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या सुया होत्या.

“तासोसला लस नको होती का हो? मनातून?”

एर्मिओनीचा चेहरा एकदम कठीण झाला. “माझ्या मेलेल्या माणसाला खोटा ठरवायला आलीस? तो आदल्या रात्री नवा शर्ट इस्त्री करून झोपला होता. नको होती ती थिमियोसला. आणि पाहा, तो कसा रेड्यासारखा फिरतोय. जा, त्याला विचार.”

खिडकी बंद झाली.

४

थिमियोस म्हणजे वरच्या गोठ्यातला चीज करणारा. शाळेत असिमिनाच्या मागच्या बाकावर बसून तिच्या वेण्या ओढायचा. वसंतात कॉफीच्या दुकानात टेबलावर चढून त्याने शपथ घेतली होती, की आपण मेलो तरी सुई घेणार नाही. आणि जूनमध्ये गुपचूप जाऊन घेऊन आला. आता कार्ड दाखवून त्याच दुकानात ऐटीत त्सिपुरोची दारू पीत बसला होता. पलीकडच्या टेबलावर पापा-स्ताथिस कॉफी घेत होते.

“आली आमची यमाची कारकून,” थिमियोस ओरडला. “कुणाचं माप घ्यायला आलीस?”

“तुझंच. पेटी मोठी लागेल.”

लोक हसले. पापा-स्ताथिसनी छातीवर क्रूसाची खूण केली. असिमिना थिमियोससमोर बसली.

“तू लस घेतलीस यावर माझा विश्वास बसत नाही रे.”

“कार्ड बघ की. शिक्का आहे.”

“दुखलं फार?”

“मला? हॅट! टोचून घेतलं आणि संध्याकाळी दोनशे मेंढ्यांचं दूध काढलं, याच हाताने.” त्याने उजवा दंड थोपटला.

“उजवा दिलास?”

थिमियोसचा हात तिथेच थांबला. “दिला. मग?”

“काही नाही. दूध काढणारा माणूस कामाचा हात देतो, नवल वाटलं. पापा, तुम्ही?”

पापा-स्ताथिस कानापर्यंत लाल झाले. वसंतात व्यासपीठावरून लसीविरुद्ध तेच बोलले होते. “डावा, पोरी. उजव्याने आशीर्वाद द्यायचा असतो. दोन दिवस हलवता येत नव्हता.” मग हळूच म्हणाले, “बिशपनी सांगितलं म्हणून घेतली. लोकांना सांगायचा धीर नाही झाला.”

“सगळेच बोलके निघालेत आज,” थिमियोस गुरगुरला. त्याने पेला रिकामा केला आणि तो उठला. असिमिनाही उठली आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, “थिमियोस, तुझ्या अंगात पाणी आहे. मला त्याचं काही पडलेलं नाही, ते तू मागून घेतलंस. पण तासोसने मागितलं नव्हतं. पडद्यामागे गेल्यावर तू डॉक्टरांना काय सांगितलंस?”

“काही नाही,” थिमियोस म्हणाला. त्याचं तोंड पडलं होतं. “आईशप्पथ, एक शब्द नाही. बोलायचं नाही, असंच ठरलं होतं.”

५

डॉक्टर झिसिस घराच्या ओसरीत लाकडं रचत होते. असिमिनाच्या जन्माच्या वेळी तेच हजर होते.

“ये पोरी. कीर-लाम्ब्रोस कसे आहेत?”

“डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना डावा दंड द्यायला सांगायचा. खरं ना?”

“हो. कामाचा हात मोकळा राहावा म्हणून.”

“तरी काहींनी उजवा दिला. थिमियोससारख्यांनी. पलीकडे गारुफालिया सगळं ऐकत बसलेली, म्हणून बोलायची चोरी. मग खूण ठरवलीत. ज्याला लस नको, त्याने मुकाट्याने उजवी बाही वर करायची. त्याला मिठाचं पाणी. कार्ड मात्र खरं.”

डॉक्टरांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. नाकारायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. “त्यांची चुलीवरची भाकरी जात होती. शहरात कामाला जाणाऱ्यांना कार्डाशिवाय आत घेत नव्हते. अर्धं गाव अर्ध्या गावाशी बोलेनासं झालं होतं. माझ्या हातून जन्मलेली पोरं ती. मी म्हटलं, बाकीच्यांनी घेतली की यांचंही निभावेल.”

“आणि टक्काही वाढेल. फोटो येईल.”

“तेही,” ते म्हणाले.

“तासोसने उजवी बाही वर केली, तेव्हा काय वाटलं तुम्हाला?”

“वाटलं, हाही. वाईट वाटलं मला. इतका शहाणा माणूस, म्हटलं.”

“आणि लेनियो? पोलिक्सेनी?”

“त्याच आठवड्यात वरच्या आळीतले म्हातारे एकामागून एक आले. आत येतात, हसतात आणि उजवी बाही वर करतात. मला वाटलं, थिमियोसने सगळ्यांना फितवलं.” त्यांनी असिमिनाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. “का? त्यांना... काय हवं होतं त्यांना?”

“लस हवी होती, डॉक्टर. आपल्या गावात नवं घर, नवं वर्ष, नवं जोडपं, सगळं कशाने सुरू होतं? उजव्याने. म्हाताऱ्यांनी शुभ व्हावं म्हणून उजवा दंड पुढे केला. तुम्हीही इथेच वाढलात. तुमच्या लक्षात कसं नाही आलं?”

डॉक्टर ओसरीच्या पायरीवर बसले. “मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “विचारायचं तर तोंडाने म्हणावं लागलं असतं.”

असिमिनाला त्यांची कीव आली आणि संतापही आला. संताप जास्त होता. “किती जण होते? नावं सांगा.”

“कुठला दंड ते आपण लिहीत नाही. चेहरे एकात एक मिसळलेत. काहीजणांनी डावाही दिला.” त्यांनी कपाळ दाबलं. “पण त्यांना कुणीतरी सांगत होतं. बाहेर बाकावर. खिडकीतून ऐकू यायचं. ‘उजवा द्या, चांगलं होईल.’ आणि सगळे हसायचे.”

“कोण सांगत होतं?”

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि असिमिनाला उत्तर कळलं. या गावात शुभ पावलाबद्दल बोलावं असा एकच माणूस होता.

६

बाबा खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. गालांवर ताप चढला होता. असिमिनाने काही न बोलता त्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. आकडा वाईट होता. अजून फार वाईट नव्हता, पण थोड्या वेळाने पुन्हा लावला तेव्हा एकाने उतरला होता.

“बाबा, कोट घाला. खाली रुग्णालयात जायचंय.”

“उद्या पहाटे घरं कोण करेल? लोक वाट बघतील.”

“तुम्ही कुठला दंड दिला होता?”

“कुठला म्हणजे? उजवा!” बाबा हसले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, “मी पहिला होतो रांगेत. बाकीचे घाबरले होते. लेनियो तर पळूनच चालली होती. मी म्हटलं, अगं, उजव्याने सुरुवात करायची, काही होत नाही. सगळ्यांना सांगितलं. निदान हसत तरी आत गेले बिचारे.”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. फ्रिज बिघडला होता म्हणायचं, गारुफालिया तर आधीच कबूल करून बसली होती. बाबा सत्त्याऐंशीचे होते. हे ओझं घेऊन त्यांना रुग्णालयाच्या खाटेवर पाठवायचं? पण वरच्या आळीत किती उजवे दंड होते हे डॉक्टरांना आठवत नव्हतं, गारुफालियाने पडद्याआड पाहिलं नव्हतं, आणि मेलेले तिघे सांगू शकत नव्हते. बाकावर कुणाकुणाला उजवा सांगितला ते माहीत असलेला जिवंत माणूस एकच होता.

तिने सगळं सांगितलं.

“लेनियो पळून गेली असती तर?” बाबांनी विचारलं.

“तर तिला माहीत असतं की आपल्याला लस मिळालेली नाही. जपून राहिली असती.”

“आणि तासोस?”

“बाबा, पाणी तुम्ही नाही भरलं त्या सुईत.”

“पण दंड मी सांगितला.” त्यांनी बूट खाली ठेवला. “फोन दे.”

“आधी गाडी...”

“गाडीला बोलाव की. ती येईपर्यंत तुझा बाप काय करणार? फोन दे म्हटलं ना!”

तिने शहरात फोन लावून रुग्णवाहिका मागवली. साहेबांना सांगितलं, की उद्या सकाळी खऱ्या कुप्या आणि एक परका डॉक्टर घेऊन गाडी पाठवा. तेवढ्यात बाबांनी कोनाड्यातला फोन मांडीवर घेतला. बाकावर कोण कुठे बसलं होतं ते त्यांना जसंच्या तसं आठवत होतं. एकेक घर लावत गेले.

“लाम्ब्रोस बोलतोय. उद्या मी येणार नाही. कुणालाच आत घेऊ नकोस. पोराला पण नको, हो, जर्मनीहून आला असला तरी. सप्टेंबरात मी तुला उजवा दे म्हटलं, तू दिलास? मग तुला पाणी टोचलंय. माझं चुकलं. घरात बस. सकाळी गाडी येईल, तेव्हा डावा दे.”

पलीकडून कुणी शिव्या दिल्या. कुणी रडलं. कुणीतरी म्हणालं, मग उद्या पहिलं पाऊल कुणाचं? बाबा सगळ्यांना तेच वाक्य सांगत होते, प्रत्येक वेळी थोडं हळू, मध्ये श्वास घेत. असिमिना त्यांच्या बोटावरचा आकडा बघत होती. बाहेर घाटाच्या वळणावर गाडीचे दिवे दिसायला लागले.

“झालं?” तिने त्यांच्या खांद्यांवर कोट टाकला.

“एक राहिली. अग्लाइया. वरच्या टोकाला, एकटी असते. ती माझ्या शेजारीच बसली होती.” त्यांनी नंबर फिरवला. फोन वाजायला लागला. “गुडघे दुखतात तिचे. उठायला वेळ लागतो तिला.”

गाडी दारात येऊन थांबली. मास्क लावलेली दोन माणसं आत आली आणि बाबांना उठवायला लागली. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “उचलेल ती.”

फोन वाजत होता.